रुमालाखालचा सौदा

रविवार, १७ एप्रिल १९६०, सकाळ. ठिकाण: लालबागमधलं तुझं तंबाखूचं दुकान. तुझं तेरावं झाल्यावर आज पहिल्यांदा दुकानाच्या फळ्या काढल्या.

हजर: यशोदा कांबळे, मिलच्या वाइंडिंग खात्यातली, तुझी शेजारीण. पेडणेकर, फणसवाडीचे ठसेवाले. काखेत कापडात गुंडाळलेला लाकडी ठसा. सदाशिव, तुझ्या भावाचा मुलगा, निपाणीहून आलेला आणि आता दुकान सांभाळणारा. आणि मी, सुशीला, म्युनिसिपल शाळेतली मास्तरीण, काळाचौकीहून रोज संध्याकाळी येऊन तुझ्या फळीवर बसणारी आणि तुझ्याशी वाद घालणारी. गैरहजर: तू.

आक्का, हजेरी घेतल्याशिवाय मला कुठलंच काम सुरू करता येत नाही. यावरून तू मला कमी का चिडवलंस? "मास्तरीण, देवळात गेलीस तर देवांची बी हजेरी घेशील. तेत्तीस कोटी हायत बग. दिवस मावळंल, पर नावं सरायची न्हाईत."

आज तुझं दुकान भरलेलं आहे आणि बाहेर लालबाग नुसतं उसळतं आहे. पंधरा दिवसांवर महाराष्ट्र आला! नाक्यावर कमानीचे बांबू पडलेत. समोरचा शिंपी लग्नाचे कपडे बाजूला सारून पताका शिवतो आहे आणि लग्नघरचे लोक त्याच्याशी भांडत आहेत. आमच्या चाळीतल्या बायकांनी त्या दिवशी एका रंगाची लुगडी नेसायची असं ठरवलं, मग रंगावरून दोन तट पडले, आणि आता जी ती आपल्याला हवं ते नेसणार आहे. हे सगळं तुला सांगायचं म्हणून मी रोज लक्षात ठेवते. संध्याकाळी शाळेतून निघून नाक्यावर वळते, आणि मग आठवतं.

तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे तेरा दिवस येऊन गेले. त्यांचं बोलून झालं. मला मात्र तुझ्याशी बोलायचं आहे, कारण आपलं एक बोलणं अर्धं राहिलं आहे आणि पेडणेकर समोर उभे आहेत. त्यांना उत्तर हवं आहे: ठशावरचा तो ठिपका ठेवायचा की काढायचा?

थांबा म्हटलंय त्यांना. चहा मागवला आहे. तेवढ्यात मला सगळं नीट मांडू दे.

तुझी माझी ओळख मशेरीनं झाली. मालवणहून लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या तळहातावर चिमूटभर काळी मशेरी ठेवली आणि म्हणाल्या, "लाव गो, दात हलूचे नाय." ती लागली ती लागलीच. पुढे मी शिक्षिका झाले. मुलांना स्वच्छतेचा धडा शिकवायचा आणि घरी न्हाणीत दडून बोटानं मशेरी घासायची! विकत घ्यायलासुद्धा मी आमच्या चाळीपासून लांब, तुझ्या दुकानावर आले. पदर डोक्यावरून नीट घेतला होता.

"कुणासाठी?" तू विचारलंस.

"सासूबाईंसाठी."

तू माझ्याकडे रोखून पाहिलंस. "सासूचं दात तुझ्या तोंडात हायत व्हय गं?"

मी रागानं निघालेच होते. पण तू पुडी बांधून पुढे केलीस आणि म्हणालीस, "लाजू नको. मी इकतो, तू लावतीस. चोरी कुणाचीच न्हाई. पर एक सांगतो, सोड ह्ये. मी तंबाखूत जन्मलो, तंबाखूत म्हातारा झालो, जिभंला लावली न्हाई कधी."

तू अशी बोलायचीस: मी आलो, मी गेलो, मी म्हातारा झालो. तुझ्या निपाणीकडच्या बायका तशाच बोलतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई चुकते आहे. मी दुरुस्तीही सुचवली. तू म्हणालीस, "आमच्याकडं बाई बी गड्यावानीच राबती. मग बोलंल बी गड्यावानीच. तुझ्या पुस्तकाला सांग."

मशेरी विकणारी बाई गिऱ्हाइकाला मशेरी सोड म्हणते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिथून आपला पहिला वाद सुरू झाला.

आणि वाद मिटवायची तुझी ती तऱ्हा! निपाणीच्या बाजारात तंबाखूचा भाव बोलून ठरत नाही, हे मला तूच सांगितलंस. तागाच्या कापडात शिवलेले तंबाखूचे मोठमोठे बोद ओळीनं मांडलेले असतात. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवतीच्या गर्दीला फक्त रुमाल हललेला दिसतो. नवरा गेल्यावर तू पहिल्यांदा मालाला गेलीस, तेव्हा व्यापारी तुझा हात धरायला बिचकले. बाईमाणसाचा हात, तोही भर बाजारात! तू नवऱ्याचा तांबडा रुमाल आपल्या हातावर पसरलास आणि म्हणालीस, "हात नगा धरू. भाव धरा." हे सांगताना तू हातवारे करून तो सगळा बाजार या फळीवर उभा करायचीस. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि तेही ऐकत राहायचं.

तोच तांबडा रुमाल तू इथे तराजूशेजारच्या खिळ्याला अडकवलास. आपलं भांडण वाढलं की तू तो काढायचीस. "चल, बोटं दे." रुमालाखाली तू माझी पाचही बोटं एकदम दाबलीस, की सौदा मिटला. एकच बोट धरून ठेवलंस, की बोलणं अजून बाकी आहे, कुणी उठायचं नाही. सोपं होतं. आकड्यांची खरी बोटं मला कधी जमली नाहीत, पण या दोन खुणा मी चांगल्या शिकले. यशोदाही शिकली. मशेरी सोडण्याबद्दल तू दर दिवाळीला रुमाल टाकायचीस आणि दर दिवाळीला मी एकच बोट पुढे करायचे.

आज सकाळीही लावली, आक्का. खोटं कशाला सांगू?

आता कर्फ्यूचा दिवस. तो लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

गोळीबाराचे दिवस होते. गिरणगावात घराघरांत कुणाचं ना कुणाचं माणूस गेलं होतं किंवा आत होतं. भर दुपारी रस्ता असा रिकामा, की गटाराचं पाणी वाहताना ऐकू यावं. आदल्या दिवशी यशोदा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची पत्रकं लुगड्यात लपवून घेऊन आली होती आणि तू ती तंबाखूच्या चुऱ्याच्या पोत्यांत तळाशी घातली होतीस. सकाळी मी तुझ्यासाठी भाकरी घेऊन आले आणि कर्फ्यू लागल्यामुळे तुझ्याच खोलीत अडकले. दुकानाची मागची खोली, आपण तिघी, आणि गल्लीत बुटांचा आवाज. घरोघर झडती चालली होती.

नोकरी जाणार, हा माझा पहिला विचार. यशोदा पोत्यावर बसली आणि म्हणाली, "मी उठत नाय. उचलून नेऊ देत."

तू मात्र स्टोव्ह पेटवलास. वर तो परातीएवढा तवा ठेवलास आणि ओंजळी भरभरून चुरा टाकलास. मशेरी भाजायची म्हणजे मंद आचेवर, दार उघडं ठेवून, हे आम्हांला माहीत होतं. तू आच मोठी केलीस आणि दार लावून घेतलंस.

"आक्का, अगं मरू आपण!"

"पदर लावा तोंडाला. आन् गप ऱ्हावा."

दार वाजलं. तू ते सताड उघडलंस, आणि तो सगळा धूर एकदम त्यांच्या अंगावर गेला! पुढचा अधिकारी शिंकायला लागला तो थांबेचना. मागचे शिपाई खोकत भिंतीला टेकले. "ये क्या जला रही हो? बंद करो!"

"साहेब, मशेरी हाय. बायकांचं दात घासायचं सामान," तू पदराआडून म्हणालीस. "कर्फ्यूत दात घासाय बंदी हाय व्हय? तसं असंल तर लिवून द्या, मी भिताडाला लावतो."

त्याला बोलता येत नव्हतं, लिहून काय देणार? डोळे चोळत तो दोन पावलं आत आला, यशोदाकडे बघून पुन्हा शिंकला आणि बाहेर पडला. पोत्याला कुणी हात लावला नाही. सगळ्यात मागे राहिलेला शिपाई, साताऱ्याकडचा असावा, दारात रेंगाळला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हळूच विचारतो, "आक्का, एक पुडी मिळंल का? घरच्यांस्नी."

तू त्याला पुडी दिलीस आणि वर म्हणालीस, "धूर फुकट दिलाय. ही बी फुकट घे."

ते गेल्यावर आपण किती हसलो! हसत होतो, खोकत होतो, आणि मधेच यशोदा रडायला लागली, कारण पलीकडच्या गल्लीतल्या तिच्या मैत्रिणीचा भाऊ त्याच आठवड्यात गेला होता. तू तिला जवळ घेतलंस. तवा तसाच जळत होता. त्या दिवशीची मशेरी कोळसा झाली, ती तू विकली नाहीस.

नंतर राज्यं नव्यानं आखली गेली आणि तुझी निपाणी म्हैसूर राज्यात गेली. आमची मुंबई दोन भाषांच्या राज्यात अडकून पडली. चळवळ सुरूच होती, म्हणून आशाही होती. तू म्हणायचीस, "मुंबई सुटंल तवा निपाणी बी सुटंल. एकाच दाव्याला बांधल्यात दोघी."

त्याच दिवसांत बाजारही बदलला. सिगारेट कंपन्यांच्या मोटारी लालबागेत फिरायला लागल्या. दुकानदारांना पत्र्याच्या रंगीत पाट्या फुकट, कॅलेंडर फुकट. विडीवाले बडे व्यापारी कोपऱ्याकोपऱ्यावरच्या जागा धरायला लागले. एक दंतमंजनवाला कर्ण्यावरून ओरडत आला, "मशेरी सोडा, दात जोडा!" आणि बरोबर तुझ्याच दारात त्यानं पुड्या वाटायला सुरुवात केली. तू एक पुडी घेतलीस, चाखलीस आणि त्याला म्हणालीस, "खडू हाय रं ह्यो. आमची मास्तरीण फळ्यावर लिवती त्योच." तो चिडला. पण तो गेल्यावर तू त्याची पुडी उलटसुलट करून बघत बसलीस.

मग म्हणालीस, "मास्तरीण, त्याच्या खडूला नाव हाय. माझी मशेरी बिननावाची. आजवर वर्तमानपत्राच्या कागदात बांधून इकली. नाव पायजे. चित्र पायजे. काढ."

'संयुक्त छाप मशेरी' हे नाव तुझं. नकाशा माझा. शाळेतल्या ॲटलासवर पातळ कागद ठेवून मी किनारा काढला, नद्या गाळल्या, आणि आपल्याला हव्या असलेल्या महाराष्ट्राची हद्द अंदाजानं ओढायला लागले. तू माझ्या खांद्यावरून बघत होतीस. "खाली घे. आजून खाली. आजून वाईच." तुझा श्वास माझ्या कानाला लागत होता. रेघ निपाणीच्या खालून गेली तेव्हा तू सोडलास.

"आता ठिपकं दे. दोनच. जिथनं माल येतो त्यो एक, जिथं इकतो त्यो एक."

मी मुंबईला ठिपका दिला आणि निपाणीला दिला. तो कागद घेऊन मी फणसवाडीत पेडणेकरांकडे गेले. आता पेडणेकर समोरच आहेत, म्हणून जपून लिहिते. ठसा कोरताना कागद पालथा चिकटवायचा असतो, म्हणजे छाप सरळ उठते. पेडणेकरांनी तो उताणा चिकटवला. त्यांचं म्हणणं, त्या दिवशी गिरगावात मोर्चा होता आणि त्यांचं अर्धं लक्ष खिडकीत होतं. मला ते पटतं, कारण माझंही निम्मं लक्ष तिथंच होतं. अक्षरं छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांनी जुळवली होती, ती सरळ आली. नकाशा मात्र उलटा! मुंबई उजव्या हाताला, नागपूर डावीकडे, समुद्र असायचा तिथं. आणि लेबलं सगळी छापून, कापून, गठ्ठे बांधून दुकानात आलेली.

मी डोक्याला हात लावला. मी शिक्षिका आहे, माझ्या नावानं नागपूर बुडालं! परत पाठवू म्हटलं. तू लेबल हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होतीस. तेवढ्यात यशोदा मिलमधून आली. तिनं एक लेबल उचललं आणि भिंतीवरच्या आरशासमोर धरलं.

"हे बघा. सरळ झालं की."

तुझा चेहरा मला अजून दिसतो. "अगं, मशेरी कुटं लावत्यात? आरशाम्होरंच की!"

दुसऱ्या दिवसापासून तू प्रत्येक बाईला पुडी देताना सांगायला लागलीस: "सकाळी दात घासताना पुडी आरशात बग. महाराष्ट्र सरळ झालेला दिसंल." काय चालली ती पुडी! परळहून, दादरहून बायका येऊ लागल्या. एका म्हातारीनं विचारलं, "आरशाबाहेर कधी सरळ व्हनार?" तू म्हणालीस, "त्येच्यासाठीच तर मोर्चाला जायाचं. परवा ये, संगं जाऊ." आणि तिला खरंच घेऊन गेलीस. तो उलटा नकाशा बदलायचा नाही, महाराष्ट्र होईल त्या दिवशीच सरळ ठसा काढायचा, असं तू रुमालाखाली माझी पाचही बोटं दाबून पक्कं केलंस.

या हिवाळ्यात ती बातमी आली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार! लालबागेत माणसं घराबाहेर पडली ती घरी जायलाच तयार नव्हती. पेढ्यांची दुकानं रिकामी झाली. तू भरलेली टोपली घेऊन नाक्यावर उभी राहिलीस आणि येईल त्याच्या हातावर मशेरीची पुडी ठेवायला लागलीस.

"आक्का, पेढे वाट गं!"

"पेढं कुणीबी वाटंल. मी तंबाखूवाला हाय, तंबाखू वाटणार!"

गडीमाणसांनी उत्साहात पुड्या तिथंच उघडल्या, वाऱ्यावर उधळल्या, आणि सगळा नाका शिंकायला लागला. बँडवाल्याला सूर धरता येईना. तू कमरेवर हात ठेवून खदाखदा हसत होतीस. मला तुझं त्या दिवशीचं हसणं अगदी जसंच्या तसं हवं आहे.

मग वर्तमानपत्रात नकाशा आला. मी तो दुकानात घेऊन आले आणि फळीवर पसरला. तू चष्मा लावलास, बोट किनाऱ्यावरून खाली आणलंस, कोल्हापूरपाशी आलीस आणि अजून थोडी खाली सरकलीस. रेघ वरच संपली होती. निपाणी पलीकडे होती. इतकी जवळ, की तुझं बोट रेघेच्या दोन्ही बाजूंना पुरत होतं.

"ही एकच ऱ्हायली व्हय?" तू म्हणालीस.

"एकच नाही आक्का. बेळगाव, कारवार..."

"ते मला ठाव हाय. मी माझं इचारतो."

माझी मुंबई आली होती. त्या आठवड्यात मी इतकी आनंदात होते, की शाळेत मुलांना गणिताऐवजी गाणी म्हणू दिली. तू माझा आनंद एकदाही अडवला नाहीस. पताकांचा कागद तूच आणून दिलास. मला वाटतं, तुझ्यात ते दोन्ही एकाच वेळी होतं, आणि तू त्यातलं मला एकच दाखवत होतीस.

नव्या ठशाचं काढलं तेव्हा मात्र भांडण झालं. मी सरळ नकाशा काढला. नवी हद्द, जशी ठरली तशी. मुंबईचा ठिपका. बस्स. तू कागद बघितलास आणि म्हणालीस, "दुसरा कुटाय?"

"आक्का, निपाणी रेघेच्या बाहेर गेली. बाहेर ठिपका कसा देणार?"

"पेनानं. दिला हुतास तसा."

"अगं, काडेपेटीएवढं लेबल. रेघेबाहेर एकटा ठिपका म्हणजे लोकांना शाईचा डाग वाटेल. गिऱ्हाइकं माल परत करतील. नाहीतर रेघच खाली घेते, मग ठिपका आत येईल."

"रेघ खोटी नगो. रेघ सरकारची, ती हाय तशी काढ. ठिपका माझा."

"पण लोक विचारतील, हा कसला डाग?"

"इचारू देत की!" तू फळीवर हात आपटलास, तागडी हलली. "इचारतील तवा सांगायला मी बसलोय न्हवं का हितं?"

मी ठिपका दिला, पण फिका. आणि पेडणेकरांना म्हणाले, कोरा, शेवटचं नंतर कळवते. माझं मत तेच होतं, अजूनही बऱ्यापैकी तेच आहे. लेबल नेटकं असावं. दुकान चालायला हवं, कंपन्यांच्या पाट्यांसमोर टिकायला हवं. पुडीवर चिकटवलेल्या लेबलानं हद्दीचे प्रश्न सुटत नाहीत. तू रुमाल टाकलास, मी एक बोट दिलं, आणि तू तेच धरून बसलीस. असे कितीतरी दिवस गेले. रोज भेटायचो, इतर सगळं बोलायचो, आणि जाताना तू म्हणायचीस, "ठिपक्याचं बोलणं हाय बरं का."

मग तुझी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. परळच्या दवाखान्यात तू पडून होतीस, आणि तुझ्यासारखी बाई गप्प पडलेली बघायची मला सवय नव्हती. म्हणून मीच बोलत सुटले. शाळेतलं सांगितलं, चाळीतलं सांगितलं, नाक्यावर कोण काय म्हणालं ते सांगितलं. तुझे डोळे हसत होते, नक्की हसत होते. मग सांगितलं, ठसा झाला. यावेळी सरळ आहे, मी स्वतः आरसा घेऊन गेले होते. ठिपका अजून आहे. पेडणेकर विचारतायत.

"काढू ना, आक्का?" मी विचारलं. तू आता हो म्हणशील असं मला वाटलं. आजारी माणूस थकतं, सोडून देतं.

तुझा डावा हात चादरीखालून सरकला. चादर आपल्या दोघींच्या हातांवर होती, रुमालासारखी. तू माझी बोटं चाचपलीस. मी पाचही बोटं उघडी ठेवली, तू दाबावीस म्हणून. तू त्यातलं एकच धरलंस. नर्सनं वेळ संपली म्हणून सांगितलं, तरी सोडलं नाहीस. शेवटी मीच हळूच सोडवून घेतलं, कारण घरी स्वयंपाक व्हायचा होता आणि उद्या पुन्हा येणारच होते.

उद्या तू नव्हतीस.

चहा झाला. पेडणेकरांनी कापड सोडून ठसा फळीवर ठेवला आहे. सागवानी लाकूड, किनारा सुरेख कोरलाय. मुंबई टपोरी उठून दिसते. आणि खाली, रेघेच्या बाहेर, तो एकटा उंचवटा. बोट फिरवलं की टोचतो.

"बाई, लवकर सांगा," पेडणेकर म्हणाले. "एक तारखेच्या आत पुड्या बाजारात हव्यात ना? काढायचा तर हत्याराचा एक झटका. पण गेलेलं लाकूड परत बसत नाही, एवढं लक्षात ठेवा."

मी सदाशिवकडे बघितलं. दुकान आता त्याचं. "तू सांग. ठेवायचा की काढायचा?"

"मला नगा इचारू, मावशी," तो म्हणाला. "माझं घर हाय त्या ठिपक्यात."

यशोदा उठली, खिळ्यावरचा तांबडा रुमाल काढला, ठशावर पसरला आणि माझा हात त्याखाली नेऊन ठेवला. रुमालाला अजून तुझ्या दुकानाचा वास आहे. खाली माझं एकच बोट ठिपक्यावर होतं.

"आहे तसा छापा," मी पेडणेकरांना म्हटलं.

"म्हणजे ठेवायचं ठरलं?"

"ठरलं नाही. बोलणं चालू आहे."

पेडणेकरांनी यशोदाकडे पाहिलं, यशोदानं मान डोलावली, आणि ते ठसा गुंडाळून गेले. महाराष्ट्राच्या पहिल्या दिवशी तुझी पुडी बाजारात असेल. सरळ नकाशा, आणि बाहेर एक डाग. पहिलं गिऱ्हाईक विचारील, हे काय आहे? सांगायला तू बसलेली नसशील, म्हणून मी शाळेत त्या दिवशीचं झेंडावंदन आटोपून तडक इथे येणार आहे. सदाशिवला सांगायला शिकवावं लागणार नाही. मलाच शिकावं लागेल.

आजची कामं: फळ्या धुतल्या. तागडी घासली. नवे बोद मोजून आत लावले. कमानीच्या बांबूंसाठी दोरी दिली. कर्फ्यूतला काळा पडलेला तवा सदाशिव भंगारात देत होता, तो परत आणला. या सगळ्यांवर काट मारली आहे. शेवटी एक उरलंय, 'ठिपक्याचा निकाल लावणे'. ते राहिलं आहे, आक्का.